चिकटबाई आणि पोकळ टायर

चिकटबाई हे नाव तिला तिच्या सासऱ्यांनी ठेवलं. जन्मभर ट्रक चालवून सासरे घरी बसले होते, आणि बसल्या जागेवरून जगाला नावं ठेवण्याचं काम मन लावून करत होते. सुनेच्या वाट्याला हे आलं. कंजूषपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरेपर्यंत ती वाढत राहायची. नाव पडलं ते कामावरून. ती टायर चिकटवायची.

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरची पाठ मशीनवर खरवडायची, तिला चिकटवायचं सोल्युशन लावायचं, पोटाला कच्च्या रबराचा पातळ थर दिलेला नव्या नक्षीचा पट्टा त्यावर गुंडाळायचा, रोलरने दाबून दाबून बसवायचा आणि सगळं रबरी खोळीत घालून बंद भट्टीत शिजवायचं. बाहेर येतो तो टायर बघून त्याचा जुना मालकसुद्धा ओळख विसरतो. पण सगळी भिस्त मधल्या चिकटण्यावर. तिथे हयगय झाली की केलेलं सगळं मुसळ केरात.

या कामाला ती लागली ती तिच्या तोंडामुळे. लग्नाआधी ती बुटांच्या एका कारखान्यात सोल चिकटवायची. मग लग्न झालं, मुलं झाली, ती शाळेत जायला लागली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं. अशाच एका दुपारी भाजी आणायला म्हणून ती पिशवी घेऊन निघाली. वाटेत रिमोल्डिंगचं, म्हणजे जुने टायर असे नवे करून द्यायचं, दुकान होतं. तिथला चिकटवणारा माणूस काम सोडून दुसऱ्या गावी गेला होता, आणि दुकानाचे मालक स्वतःच ब्रश घेऊन टायरशी झटत होते. मालक अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब आणि बोलण्याआधी एक उसासा टाकणारे. त्यांनी सोल्युशन फासलं आणि लगेच पट्टा उचलला.

"अहो, थांबा! ओलं आहे अजून ते!"

मालकांनी वळून बघितलं. दारात एक अनोळखी बाई, हातात रिकामी पिशवी.

"काय ओलं आहे?"

"सोल्युशन. इथून चमकतंय की! आत्ता पट्टा बसवलात तर आतल्या आत फोड येतील."

"मग वाळलं कधी म्हणायचं?"

तिने पिशवी दाराच्या कडीला अडकवली, आत आली आणि बोटाचं पेर उलट्या बाजूने टायरला टेकवलं. "बोट ओढून घ्यावं लागलं पाहिजे, पण बोटावर डाग उरता कामा नये. तोवर गप्प बसायचं."

मालकांनी उसासा टाकला. "मी बसेन गप्प. तुम्ही किती वेळ बसणार?"

"पट्टा चिकटेपर्यंत."

त्या दिवशी घरी भाजी आली नाही, नोकरी आली. तिचा नवरा बेकरीत पीठ मळायचा. "मी पीठ मळतो, तू रबर चिकटव, घर चालल्याशी कारण," एवढं बोलून तो कूस बदलून झोपला. सासूबाईंनी अट घातली की हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. राहिले सासरे. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"रिमोल्ड टायर? अगं, म्हाताऱ्याने टोप घातला म्हणून तो लग्नाचा होतो का?"

मग त्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली. घाटात त्यांच्या ट्रकच्या रिमोल्ड टायरचा पट्टा सुटला होता आणि गडगडत त्यांच्याच पुढे निघून गेला होता. घरातल्या सगळ्यांना ती तोंडपाठ होती. दर वेळी घाट थोडा उंच व्हायचा आणि पट्टा थोडा लांब. शेवटी ते म्हणायचे, "तेव्हापासून मी रिमोल्डच्या वाटेला गेलो नाही." या खेपेला त्यात एवढीच भर पडली, "आणि आता चिकटबाई आमच्याच घरात!"

चिकटबाईने ते मनावर घेतलं नाही. तिला काम आवडायला लागलं होतं. टक्कल पडलेला टायर सकाळी हाताखाली घ्यावा आणि काही तासांनी तो नव्या नक्षीत भट्टीबाहेर यावा, याचं तिला दर वेळी लहान मुलासारखं अप्रूप वाटायचं. दुकानात टायर खरवडणारा एक जण होता, तो तोंडाला कायम फडकं बांधून असायचा, त्यामुळे तो हसतोय की चिडलाय ते त्याच्या भुवयांवरून ओळखावं लागे. त्याच्याशीही तिचं छान जमलं. गिऱ्हाइकं वाढली. मालकांचे उसासे कमी झाले.

आणि मग तो पंखा आला.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की पत्र्याखाली उभं राहवेना. सोल्युशनच्या वासाने चिकटबाईचं डोकं भणभणायचं. तिने मालकांकडे स्टँडचा मोठा पंखा मागितला, मालकांनी तो बिनबोभाट आणून दिला आणि तिने तो आपल्या हाताने, वारा नीट टायरवर येईल असा उभा केला. वासही गेला आणि सोल्युशनही झटपट वाळायला लागलं. खरवडणाऱ्याच्या भुवया वर गेल्या, म्हणजे तोही खूश होता. आधीच का सुचलं नाही, असं जो तो म्हणू लागला.

एके सकाळी पाण्याचे जार पोचवणारा टेम्पोवाला दुकानात शिरला. त्याच्या खांद्यावर रबराचा लांबलचक पट्टा लोंबत होता. तो त्याने टेबलावर टाकला.

"हे घ्या. तुमचं तुमच्यापाशी."

"कुठे सुटला?" मालकांचा चेहरा उतरला.

"भर चौकात. फटफट, फटफट आवाज यायला लागला. मला वाटलं, माझ्या ड्रायव्हिंगवर खूश होऊन हवालदार टाळ्या वाजवतोय. बघतो तर पट्टा मडगार्ड बडवतोय!"

"कुणाला लागलं का?" चिकटबाईने विचारलं.

"नाही. एक सायकलवाला दचकला, तेवढंच." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "पण बाई, लागलं असतं."

चिकटबाईने पट्टा उलटा करून बघितला. सुटलेली बाजू रस्त्यावर घासून मळून गेली होती. तिच्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. भिंतीशी त्याच दिवसांत केलेले टायर ओळीने उभे होते. सगळे काळेभोर, तुकतुकीत, एकाच आईची लेकरं वाटावीत असे.

मालकांनी फार दिवसांनी मोठा उसासा सोडला. "आता यातले पोकळ कुठले आणि भरीव कुठले?"

चिकटबाईने एकेक टायर दाबून बघितला. हाताला सगळे सारखेच लागले.

संध्याकाळी घरी चिकटबाई ताटातला भात नुसता चिवडत बसली. सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं आणि सासऱ्यांकडे न बघता मान खाली घातली. आता घाट येणार, पट्टा येणार, म्हाताऱ्याचा टोप येणार. नवऱ्यानेसुद्धा खाणं थांबवलं.

सासरे सावकाश घास चावत राहिले. मग म्हणाले, "बाकीचे टायर गेले का गिऱ्हाइकांकडे?"

"काही गेले. बरेच दुकानातच आहेत."

"हं," म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

सकाळी ती निघाली तर ते तिच्या आधी दारात. पायात चपला, हातात जुनी लाकडी हातोडी.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"ट्रकवर होतो तेव्हा दर मुक्कामाला टायर वाजवून बघायचो. चल. आणि वाटेत प्रश्न विचारू नकोस, मला चढावर दम लागतो."

दुकानात ते पहिल्या टायरपुढे वाकले आणि कडेकडेने हातोडी मारत निघाले. टण, टण, टण, टण, ढब.

"ऐकलंस?"

"नाही."

"कलिंगड घेताना वाजवतेस ना? तसं ऐक. डोळे मीट."

तिने डोळे मिटले. टण, टण, ढब. या वेळी तिला कळलं. पहिला आवाज हाताला परत फेकल्यासारखा होता, दुसरा कुठेतरी आत जाऊन बसत होता. सासऱ्यांनी तिथे खडूने फुली मारली आणि पुढच्या टायरकडे वळले. दुपारपर्यंत भिंतीशी काही टायर फुल्या मिरवत होते आणि काही स्वच्छ उभे होते. खरवडणाऱ्याने मशीन बंद ठेवलं होतं. मालक तर श्वाससुद्धा बेताने घेत होते.

"आता एक उघडून बघ," सासरे म्हणाले.

फुलीजवळ सुरी घालून तिने पक्कडीने पट्टा ओढला. बाकी ठिकाणी तो जिवाच्या आकांताने धरून बसला होता. फुलीपाशी मात्र सालीसारखा सुटून आला. खाली बारीक काळी पूड पसरली होती. तिने ती चिमटीत घेऊन चोळली. रबराचा भुसा. ओल्या सोल्युशनवर उडून बसलेला. तिने मान वर केली. समोर पंखा होता, आणि पंख्याच्या बरोबर मागे टायर खरवडायचं मशीन.

तिचे कान गरम झाले. "मालक, ही माझी करणी आहे. पंखा मी मागितला, तिथे उभा मी केला."

"आणला तर मीच ना," मालक म्हणाले.

खरवडणाऱ्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "भुसा माझ्याकडचा."

"झालं वाटून?" सासरे कंबर धरून उभे राहिले. "मग आता कुणीतरी चहा सांगा. सकाळपासून नुसता वाकतोय."

चिकटबाई चहाला थांबली नाही. तिने आधी पंखा उचलून अंगणात नेला. मग ठरवून टाकलं की फुलीचे असोत की बिनफुलीचे, पंख्याच्या वाऱ्यात झालेले सगळे टायर पुन्हा करायचे. मालकांनी उसासा टाकला आणि पहिला टायर मशीनकडे ढकलत नेला. मशीनच्या आणि तिच्या टेबलाच्या मध्ये जाड पत्र्याचा आडोसा उभा राहिला. सोल्युशन पुन्हा आपल्या वेळेने वाळू लागलं आणि ती पुन्हा बोटाचं पेर टेकवून वाट बघू लागली.

गिऱ्हाइकांकडे गेलेल्या टायरांचं काय, हा प्रश्न सासऱ्यांनी अंगावर घेतला. टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून ते गावभर फिरले. कुठे स्टँडवर, कुठे गोदामापाशी, उभ्या गाडीखाली हा म्हातारा हातोडी घेऊन शिरायचा, आणि ड्रायव्हर ओरडायचे, "ओ काका, काय करताय?"

"तुमच्या टायरची नाडी बघतोय. गप्प बसा, ऐकू येत नाही."

एका शाळेच्या बसखाली ते बराच वेळ राहिले. मुलं खाली वाकून त्यांना बघत होती. बाहेर आले तेव्हा कपाळाला आणि हातांना ग्रीस होतं आणि त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "ही गाडी आता इथून हलायची नाही. आधी टायर बदला." ड्रायव्हर कुरकुरला, मग त्याने टायर काढला. संध्याकाळी तो उघडल्यावर चिकटबाई कितीतरी वेळ हातातल्या काळ्या पुडीकडे बघत उभी राहिली. सासरे जवळ आले, तिच्या डोक्यावर हात टेकवला आणि निघाले. तिच्या डोक्यावर ग्रीसचा डाग राहिला. तिने तो दोन दिवस नीट धुतला नाही.

टायर सगळे परत आले, पुन्हा झाले, पुन्हा गेले. काम संपलं म्हणून सासऱ्यांनी घरी बसायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात, हातोडीसकट. भट्टीतून आलेला टायर त्यांनी वाजवल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही, असा नियम त्यांनीच केला आणि मालकांनी त्यांना खुर्ची दिली. सगळ्यांत जास्त आनंद झाला सासूबाईंना. इतकी वर्षं हा गृहस्थ दिवसभर त्यांच्या पायात यायचा, डबे इकडचे तिकडे करायचा. शेजारणीला त्या म्हणाल्या, "टायर चिकटोत न चिकटोत, हे तिकडे चिकटले तर मी सुटले!"

सासरे-सुनेचं त्यानंतर गोडीगुलाबीने चाललं असं मात्र नाही. परवाच एका टायरवरून जुंपली. सासऱ्यांनी फुली मारली. चिकटबाईने कान लावला आणि ती पुसून टाकली.

"ढब वाजतंय."

"टण वाजतंय, बाबा."

"मला शिकवतेस? हातोडी कुणाची?"

"हातोडी तुमची, टायर माझा."

शेवटी मालकांनी हात जोडले आणि टायर उघडायला सांगितला. चिकटबाई पक्कडीला लोंबकळली, मग खरवडणारा लोंबकळला, मग मालक. पट्टा तसूभर हलेना. तिघेही घामाघूम झाले तेव्हा सासऱ्यांनी हातोडी पिशवीत घातली आणि आज आपल्याला लवकर जायचंय असं जाहीर केलं.

घरी जाताना ते दोन पावलं पुढे चालत होते. कोपरा आला तशी त्यांची चाल मंदावली.

"मला कालपासून सर्दी आहे," ते समोर बघतच म्हणाले. "कानाला दडे बसलेत."

"हो ना," चिकटबाई म्हणाली. "मघाशी शिंकलात तेव्हाच मला वाटलं."

ते दिवसभरात एकदाही शिंकले नव्हते. त्यांनी तिच्या हातातली भाजीची पिशवी काढून आपल्या हातात घेतली आणि विचारलं, "भाजी कुठली घ्यायची?"