पायपुसण्यांच्या कंपनीच्या डायरेक्टरबाई

माझ्या सासूबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खाली बघतात. पायाच्या अंगठ्याने दारातल्या पायपुसण्याची कड उचलायची, त्याची पाठ तपासायची आणि मग यजमानांना सांगायचं, "हे आमचं नाही. म्हणूनच झडतंय." माझ्या माहेरी पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी माझ्याआधी आमचं पायपुसणं पाहिलं होतं. त्यातल्या त्यात मी बरी निघाले, म्हणून लग्न झालं.

त्या डायरेक्टर होत्या. माझ्या नवऱ्याने पायपुसण्यांची कंपनी काढली तेव्हा कागदावर दुसरं एक नाव हवं होतं. सासरे नव्हते, मी अजून यायची होते, तेव्हा आईचं नाव घातलं. "तू फक्त सही कर गं, बाकी काही नाही," असं तो म्हणाला. पण सासूबाईंचा जन्म गेला होता एका शाळेच्या कचेरीत, इतरांच्या सह्या गोळा करत त्यांच्या मागे धावण्यात. आता कुणीतरी त्यांची सही मागत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन त्या कारखान्यात हजर झाल्या आणि कंपनी बंद पडेपर्यंत हलल्या नाहीत.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत रबर कापायचं यंत्र, दुसरीत शिलाईच्या मशिनी, आणि हवेत इतकी कापसाची भुकटी की दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "कशाला आलात?" गिऱ्हाईक असलं तरी. हिशेबनीस तर त्यांना एवढा टरकून होता, की टॅक्स थकलाय हे त्याने मालकाच्या आधी मालकाच्या आईला सांगितलं.

झालं. आमच्या घराची शांतता संपली. सासूबाई भांडत नाहीत हो. भांडण परवडलं असतं. त्या बसतात. मुलाने टॅक्सचं उद्यावर ढकललं की त्या तिजोरीच्या कपाटाला पाठ लावून बसायच्या. "आधी सरकारचं टाक, मग कपाट उघड." नवरा विनवण्या करायचा, दाताच्या कण्या करायचा, आणि शेवटी पैसे भरायचं कबूल करायचा. त्या उठल्या की विसरायचा.

त्यात याला नवीन गाडी घ्यायची हुक्की आली. कंपनीच्या पैशांतून. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी आम्ही शोरूममध्ये पोचलो, तर गाडीला फुलं लावलेली, आणि आत स्टीअरिंगमागे सासूबाई! मॅनेजर म्हणाला, "मॅडम, उतरता का?" त्या म्हणाल्या, "मी या कंपनीची डायरेक्टर आहे. टॅक्स भरेपर्यंत ही गाडी हलणार नाही." त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण हॉर्न कुठे असतो ते ठाऊक होतं. कुणी जवळ आलं की वाजवायच्या. शोरूम बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मॅनेजरने हात जोडले आणि व्यवहारच रद्द केला. मी एका खांबामागे उभी राहून पोट दुखेपर्यंत हसत होते. नवरा मात्र चिडून लाल. चार दिवसांनी त्याने दुसऱ्या शोरूममधून दुसऱ्या रंगाची गाडी घेतलीच.

पुढे बाजारात प्लास्टिकची स्वस्त पायपुसणी आली आणि आमची कंपनी झोपली. गाडी विकली, यंत्रं विकली, ते पैसे रबरवाल्याच्या घशात गेले. कंपनीचं नावसुद्धा सरकारी यादीतून खोडलं गेलं. पण सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो? भाजीवालीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सासूबाई स्वतःची ओळख 'डायरेक्टर' अशीच करून देत.

आणि दोन वर्षांनी करखात्याची नोटीस आली. कंपनी उरलेली नाही, तेव्हा तिचा थकलेला टॅक्स त्या काळच्या डायरेक्टरांकडून का वसूल करू नये? नवऱ्याच्या नावावर एक खटारा स्कूटर. आमचं राहतं घर सासूबाईंच्या नावावर. म्हणजे खाल्लं कुणी आणि घर जाणार कुणाचं, तर त्या माउलीचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी घराचे कागद शोधायला धावले. सासूबाईंनी मात्र पाकिटावरचं 'डायरेक्टर' वाचलं आणि खुशीत मला म्हणाल्या, "बघ, त्यांच्या लक्षात आहे."

आम्ही एका करसल्लागार बाईंकडे गेलो. नवऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. "सांगून टाकू, आई नावापुरतीच होती, तिला काही कळत नव्हतं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तसं म्हणालात तर घर गेलंच! डोळे मिटून बसलेला डायरेक्टर आधी अडकतो. टॅक्स थकला त्यात आपली हयगय नव्हती, हे दाखवावं लागतं. मावशी, तुम्ही कधी विरोध केला होता का?"

मग मला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. जी लाज आम्ही नातेवाइकांपासून इतकी वर्षं झाकून ठेवली, तीच आता आमचं घर वाचवणार होती! सासूबाई मला गप्प करत म्हणाल्या, "हॉर्नपासून सांगू की कपाटापासून?"

शोरूमचा मॅनेजर साक्षीला यायला एका पायावर तयार झाला. "त्यांना कसा विसरेन?" एवढंच तो म्हणाला. स्वयंपाकघरात रंगीत तालीम झाली. मी अधिकारी झाले आणि सासूबाईंनी मला तीनदा गप्प बसवलं. फक्त एका गोष्टीवर नवरा घुटमळत होता. "पैसे खर्च झाले, एवढंच म्हणायचं. कुणी केले ते कोण विचारतंय?" ताकाला जाऊन भांडं लपवायची याची जुनी खोड.

सुनावणीला सासूबाईंनी अधिकाऱ्याच्या दारातलं पायपुसणं तपासलं, नाक मुरडलं आणि आत जाऊन जे सुरू झाल्या! कपाट, गाडी, हॉर्न. मॅनेजरने हॉर्नचा आवाजही काढून दाखवला. अधिकारी चष्मा पुसायच्या निमित्ताने हसत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही एवढं अडवलंत, तर पैसे उडवले कुणी?"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा मुलाकडे पाहिलं. तोंडाचा पट्टा असा मध्येच थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तसं काही नाही साहेब," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी बढाया मारते झालं. मला कुठलं काय कळतंय? मी आपली नावाची डायरेक्टर. सही माझी आहे ना? मग माझ्याकडूनच घ्या."

देवाने समोर येऊन विचारलं असतं तरी 'नावाची डायरेक्टर' हे शब्द या बाईने उच्चारले नसते. घर गेलं असतं तर त्या शांतपणे बोचकं बांधून निघाल्या असत्या, हेही मला तेव्हाच कळलं, आणि नवऱ्याचा असा राग आला की त्याला तिथेच बदडावं.

त्याची खुर्ची करकरली. "आई खोटं बोलतेय साहेब," तो उठून म्हणाला. आवाज फाटला होता. "आधी जे सांगितलं ते सगळं खरं आहे. तिने अडवलं. पैसे मी उडवले. गाडी मला हवी होती."

"बाळ्या, गप्प बस!" सासूबाई ओरडल्या. "मी बोलतेय ना?"

तो बसला नाही. हिशेबनिसालाही बोलावून घ्या म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता.

निकाल लागला. सासूबाई सुटल्या, घर वाचलं. टॅक्स नवऱ्याच्या डोक्यावर आला, हप्त्यांनी. आता तो दिवसा एका गोदामात आणि संध्याकाळी दुसऱ्याचे हिशेब लिहून ते हप्ते फेडतोय.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना सासूबाई सरळ पुढे बघत होत्या. मी मध्ये, दोघं दोन बाजूंना. शेवटच्या पायरीवर त्यांनी मला बाजूला सारून त्याचा दंड धरला, आधारासाठी की कशासाठी कोण जाणे.

"एवढी वर्षं कंपनी चालवलीस," त्या म्हणाल्या, "पण डायरेक्टर आज झालास."