तिसरा व्हिडिओ — पुस्तक परत कसं करावं

या सदरात येणारे अनुभव मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. पांढरी साडी, पिंपळ, वळणावरची बाई... गेली एकोणीस वर्षं पुस्तकांत बसलेला माणूस आहे मी. कुठली गोष्ट कुठून उचलली आहे ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं. तेव्हा माझं हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

मी भूम तालुक्यातल्या ईट गावी ग्रंथपाल आहे. चावडीच्या मागं दोन खोल्या, वर पत्रा, सात कपाटं आणि वर्तमानपत्रं वाचायला एक लांब टेबल. वाचक कमी होत चालले म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ करायला घेतले. ग्रंथालय म्हणजे काय, इथं काय काय मिळतं, हे लोकांना घरबसल्या दाखवायचं. स्टँड नव्हता, म्हणून शब्दकोशाचे दोन जाड खंड उभे करून त्यांना रबरबँडनं मोबाईल बांधायचो. पहिला व्हिडिओ ‘सभासद कसं व्हावं’, दुसरा ‘कपाटातून पुस्तक कसं शोधावं’. दुसरा फिरत फिरत येरमाळ्याला माझ्या बहिणीपर्यंत गेला. तिचा फोन आला, “दादा, लोकांकडं बघून बोल की. कपाटाशी काय बोलतो?”

म्हणून तिसऱ्या व्हिडिओत समोर एक वाचक बसवायचं ठरवलं. ‘पुस्तक परत कसं करावं.’ वाचक कोण, हा प्रश्नच नव्हता — बिरातात्या. आयुष्यभर शेळ्यामेंढ्या राखलेला माणूस. साठीला आल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकला आणि त्यानंतर अकरा वर्षं रोज माझ्याकडं येत होता. घरी नेलेलं पुस्तक संध्याकाळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा. काकूंना वाचता येत नाही. पण तात्या नऊ दिवसांपासून बार्शीला दवाखान्यात होते. जाताना हिमालयातल्या मेंढपाळांवरचं एक प्रवासवर्णन घेऊन गेले होते.

त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला मी मोबाईल बांधत होतो, तर तात्या दारात. नेहमीचा पटका, बगलेत पुस्तक. थोडे उतरलेले दिसले. म्हटलं, “सोडलं का दवाखान्यातून?” त्यांनी मान हलवली आणि समोरच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, बरं झालं, आयताच वाचक मिळाला.

मी व्हिडिओ सुरू केला. पुस्तक कधी नेलं, वेळेत आणलं का, पानं नीट आहेत का, मी विचारायचो, तात्या सांगायचे. पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, मी त्याच्यावरचा दाखल क्रमांक रजिस्टरात लिहिला. शेवटी विचारलं, “आता कोणतं नेणार?”

तात्या म्हणाले, “आता मला नगं. आमच्या मंडळीचं नाव घाला सभासदात. तिला ऐकायची सवय लागलीया. कुणीतरी वाचून दावा तिला.”

मी हसलो. म्हटलं, आणा त्यांना एक दिवस. मोबाईल बंद केला, पाणी प्यायला आत गेलो. आलो तेव्हा तात्या गेलेले होते.

लगेच मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं — ‘आज आपल्या ग्रंथालयात बिरातात्या. व्हिडिओ उद्या.’ दहा मिनिटांत खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. मला वाटलं, एकानं चुकून टाकलं आणि बाकीच्यांनी न वाचता तेच पुढं टाकलं. आपल्याकडं हे होतं. मी चिडून लिहिणारच होतो, तेवढ्यात तात्यांच्या मुलाचा, सुभाषचा, फोन आला.

“सर, तात्या सकाळी पावणेदहाला गेले. आमी गाडी घेऊन निघालोय. तुमचं पुस्तक उशाखाली होतं, ते गडबडीत कुठं गेलं ते सापडंना. तेवढं माफ करा.”

पुस्तक माझ्यासमोर टेबलावर होतं. दाखल क्रमांक तोच. मी त्याला म्हणालो, “पुस्तकाचं राहू दे.”

लोक विचारतील, घाबरला नाहीत का? नाही. रडूही आलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि याचीच मला लाज वाटते. संध्याकाळी मातीला गेलो, परत आलो, भाकरी खाल्ली. मग व्हिडिओ लावला. त्यात मी एकटा. मी प्रश्न विचारतो, थांबतो, मान डोलावतो, हसतो. समोरची खुर्ची रिकामी. पुस्तक पहिल्यापासून टेबलावर पडलेलं. थांबतो तिथं पंख्याचा आवाज, बाकी काही नाही. शेवटच्या प्रश्नानंतरही तसंच. मी तो पाच-सहा वेळा पाहिला आणि झोपलो. झोप लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “नऊ दिवस तोंडात नळी होती वो सर. बोलता येत नव्हतं. बोटानं पुस्तक दावायचे, मग मला दावायचे. पुना पुस्तक, पुना मी. म्या इचारलं, परत दिऊ का? तर मान न्हाय म्हनायची. काय सांगायचं हुतं ते माझ्यापाशी आलंच न्हाय.”

मला माहीत होतं काय सांगायचं होतं ते. पण सुभाष शेजारी बसला होता. ग्रुपवरचा माझा मेसेज वाचून तो आधीच माझ्याकडं विचित्र बघत होता. आणि मी काय सांगणार होतो? की मेल्यावर पावणेतीन तासांनी ते मला सांगून गेले? मी चहा प्यायलो आणि उठलो. आजवर केलेल्या चुकांत ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्या बाईला एवढंच एक हवं होतं, ते माझ्याजवळ होतं, आणि लोक काय म्हणतील म्हणून मी दिलं नाही. महिनाभर दिलं नाही. त्यांच्या गल्लीवरून जाणंही टाळलं.

महिन्यानं बाजाराच्या दिवशी काकू स्वतःच ग्रंथालयात आल्या. एकट्या. उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मोबाईलात त्येंचा व्हिडो हाय म्हनं.”

“काकू, त्यात ते नाहीत. मी एकटाच आहे. माझंच काहीतरी चुकलं.”

“असू द्या. लावा.”

मी लावला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून लांब. मी शेजारी उभा. माझा प्रश्न आला, मग पंखा. दुसरा प्रश्न, पंखा. मग त्या हलक्या आवाजात ‘व्हय’ म्हणाल्या. पुढच्या रिकाम्या जागी पदर तोंडाला लावून हसल्या. मला फक्त पंखा ऐकू येत होता... शेवटच्या प्रश्नानंतर मात्र त्यांचं हसू थांबलं. व्हिडिओ संपला तरी त्या काळ्या काचेकडं बघत होत्या.

मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि विचारलं, “माझं नाव कुठं लिवायचं?”

तात्यांचं ते शेवटचं बोलणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, बहिणीला नाही. फॉर्म काढला, नाव लिहिलं, त्यांनी अंगठा दिला. महिनाभर जे तोंडात धरून बसलो होतो ते तेव्हा सांगितलं, त्या दिवशी तात्या काय काय बोलले ते सगळं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठावं हाय. आत्ताच म्हनले की.”

सुभाषनं नंतर तो व्हिडिओ मागून घेतला. त्याला त्यात मीच दिसलो. त्यानं तो ग्रुपवर टाकला, तिथंही कुणालाच काही ऐकू आलं नाही. तुमच्यातल्या कुणाला पुस्तक बार्शीहून ईटला कसं आलं ते सांगता आलं तर जरूर सांगा. मला आजही सांगता येत नाही, आणि रजिस्टरात त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात आहे.

काकू आता दर बाजाराच्या दिवशी येतात. मी वाचून दाखवतो. पहिल्या दिवशी तेच मेंढपाळांचं पुस्तक त्यांनी मागितलं, तात्यांचं अर्धं राहिलं होतं तिथून पुढं. चार ओळी झाल्या आणि डोळे भरून आले. पुढचं अक्षर दिसेना. महिन्याभरात पहिल्यांदाच. मी पुस्तक तोंडासमोर धरून तसाच बसून राहिलो.

काकू म्हणाल्या, “सावकाश वाचा, सर. मला कुठं घाई हाय.”