हसरा चेहरा

युसूफ वडगाव या गावची दीपमाला केजला फोटोग्राफी शिकत होती. सरांनी हसऱ्या चेहऱ्यांचे दहा फोटो मागितले होते. नऊ झाले. दहाव्यासाठी तिनं आईला, कौशल्याबाईला, दारात बसवलं, कारण उद्या आई ऊसतोडीला निघणार होती. पण हसतेय कसली! कॅमेरा उचलला की डोक्यावर पदर घेऊन खांबासारखी ताठ. नकला झाल्या, विनवण्या झाल्या, शेवटी दीपमाला चिडलीच.

“कावून हसत न्हाईस गं?”

“तुझी चुलती उसाच्या फडात वारली, तवा हार घालायला घरात तिचा एक फोटो न्हवता. माझा तरी नीट काढ. हारामागं दात दिसलेलं बरं दिसतं का?”

दीपमालाला बटण दाबवेना, कॅमेरा खालीही ठेववेना.

आईनं पदर सारखा केला. “हं, काढ. पहाटं गाडी यायचीय.”