यादी मीच टाइप केली

मी तेव्हाही तापट होते, आजही आहे. नोकरीसाठी नाव नोंदवायच्या त्या सरकारी कचेरीच्या खिडकीशी तर माझं डोकं हमखास फिरायचं. कुठे लिपिकांच्या जागा निघाल्या की कचेरी नोंदणीच्या तारखेप्रमाणे नावं पाठवायची. कुणाची पाठवली, ते मात्र विचारायची सोय नव्हती. खिडकीतले बाबू मान वर न करता म्हणायचे, "यादी गुप्त असते, बाई. नाव असन तर पत्र येईन तुम्हाले."

चार वर्षं पत्र आलं नाही. दोन महिन्यांनी माझं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. मग उभ्या जन्मात सरकारी नोकरी नाही.

रामदासपेठेत मी टायपिंगच्या क्लासला जायची. कचेरीतलं जास्तीचं टायपिंग आमच्या सरांकडे यायचं आणि त्यावरच तो क्लास तगून होता. एका दुपारी सरांनी माझ्यापुढे हाताने लिहिलेला कच्चा कागद ठेवला. "हे नीट टाइप कर वं, उद्या दुपारी रवाना व्हायचं आहे. बाहेर बोलायचं नाही."

लिपिकांच्या जागांची यादी होती ती! नाव, शिक्षण, नोंदणीची तारीख. मी एकेक ओळ टाइप करत गेले. सातव्या नावाची तारीख माझ्या आधीची होती, आठव्याची माझ्या नंतरची. मधे मी असायला हवी होते. मी नव्हते.

बोटं थांबली. एक ओळ वाढवली असती तर कुणाला कळलं असतं?

"काहून थांबली?" सरांनी विचारलं.

"रिबन अडकली, सर."

रिबन धड होती. मी कागदावर होतं तसं, शेवटपर्यंत टाइप केलं. मला स्वतःचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच मी तिथे उभी होते. नोंदणीचं कार्ड आपटून म्हटलं, "माझ्या नंतरच्यांचं नाव यादीत आहे, माझं नाही."

बाबूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "कोणं सांगतलं तुम्हाले?"

रात्रभर याच प्रश्नाला घाबरले होते. खरं सांगितलं तर सरांचं काम जाणार. गप्प बसले तर यादी दुपारी रवाना होणार. मी गप्प बसायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"यादी मीच टाइप केली," मी म्हटलं.

रजिस्टर काढलं गेलं. माझं नाव सुटलं होतं, ते घातलं गेलं.

पुढच्या सोमवारी कचेरीचा शिपाई क्लासमध्ये आला आणि टाइप व्हायचे राहिलेले सगळे कागद परत घेऊन गेला. मीच रडत रडत सरांना सगळं सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "यादीत आपल्या मनानं काही घातलं तर नव्हतं नं?"

"नाही, सर."

"मंग जा. मुलाखतीले जाशीन तं स्पीडचं सर्टिफिकेट घेऊन जाजो माझ्याकडून."

ते सर्टिफिकेट त्यांनी स्वतः टाइप केलं. मला नोकरी लागली, त्या दिवाळीत क्लास बंद झाला.