उजव्या अंगाच्या वीस तारा

लातूरच्या आप्पांची लाल गाडी रस्त्यात पडली ती माझ्यामुळे, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ठरलं तेव्हा मी तिथेच होते, पण मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. म्हणून जे झालं ते इथे लिहून ठेवते.

आमचं मोटरसायकलींचं गॅरेज नांदेडमध्ये, घराच्याच पुढच्या भागात. मधे पत्र्याची भिंत आणि दाराच्या जागी पडदा. पडद्याच्या पुढे मालक, म्हणजे माझा नवरा. मागे मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. इंजिन मालक उघडतात आणि चांगलं उघडतात, त्यात खोटं नाही. पण चाकाच्या तारा आणि पुढचे शॉकअप हे काम लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून मी करते. चाक आत येतं, माझ्या स्टँडवर चढतं, सरळ होऊन बाहेर जातं. गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, हात लागावा तर तुमचा." मालक म्हणतात, "दुवा आहे तुमची."

मी हे काम वडिलांकडे शिकले. देगलूरला त्यांचं सायकलचं दुकान होतं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायला लागले. चाकाचा आऊट काढायचा म्हणजे काय, तर चाक फिरवायचं, जिथे ते एका अंगाला झुकतं तिथल्या तारा सैल करायच्या, समोरच्या अंगाच्या आवळायच्या. वडील डोळ्यांपेक्षा कानाने काम करायचे. नखाने तार छेडायची. आवळलेली तार बारीक वाजते, सैल तार भद्द वाजते. सगळ्या एका सुरात वाजल्या की चाक झालं. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी तारा आवळायची त्यांची चावी मला दिली. गोल, पितळी, बोटांनी झिजून कडा गेलेली. बाकी भांडी मामाने दिली.

आप्पा लातूरच्या आडत बाजारातले डाळीचे व्यापारी. भारी अंगाचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज मोठा. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. पोळा झाल्यावर ते एक इटलीची गाडी टेम्पोत घालून घेऊन आले. लाल, लांबट टाकीची, पळवायची गाडी, माझ्या वयाएवढी जुनी. तिची चाकं ओतीव, बिनतारांची होती आणि मागच्या चाकाला आसाजवळ बारीक तडा गेला होता. असला तडा वाढत जातो आणि एक दिवस चाकच फुटतं. आप्पांनी पुण्याहून नवे रिम, तारा, मधले हब असं सगळं मागवलं होतं. म्हणाले, "मिस्त्री, तारांची चाकं करा. आणि पुढून ही लई डुबकी मारती. ब्रेक दाबला की नाक घासतंय जमिनीला."

"करू की आप्पा. दसऱ्याला पूजेला दारात उभी राहील."

हे कबूल करताना मालकांनी मागे वळून पडद्याकडे एकदा पाहिलं. तेवढंच माझं विचारणं झालं.

शॉकअप आधी घेतले. ऑइल सील कडक होऊन फुटले होते, आतलं तेल काळं, चिखलासारखं. स्प्रिंग चांगल्या होत्या, पण एखाद्या हलक्या माणसासाठी केलेल्या. आप्पा बसले की गाडी किती दबते ते बघायचं होतं. मी बाहेर कशी जाणार? मालकांना सांगून शॉकअपच्या पाईपला रबरी रिंग घातली. आप्पा गाडीवर बसले, उतरले, चहा पिऊन गेले. मग मी बाहेर जाऊन पट्टी लावून रिंग किती वर सरकली ते मोजलं. दबायला हवी त्याच्या दुप्पट दबत होती. स्प्रिंगवर बसवायला नळाच्या पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे कापले, पट्टीने मोजून, कानशीने सारखे केले. जाड तेल भरलं. दुसऱ्यांदा आप्पा बसले तेव्हा रिंग बरोबर जिथे मी खडूची खूण केली होती तिथे थांबली. एवढ्या मोठ्या माणसाचं वजन मला त्याच्याशी एक शब्द न बोलता माहीत झालं होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की राग येतो.

पुढचं चाक झालं. मागच्या चाकात चाळीस तारा, वीस डाव्या अंगाला, वीस उजव्या. त्या ओवून झाल्या, साधारण आऊट काढला, शेवटचं आवळणं राहिलं. खंडेनवमीच्या आदल्या सकाळी मी कडेला बसले.

आमच्यात त्या चार दिवसांत बाईने कशालाही शिवायचं नाही. मागच्या खोलीत कोपऱ्यात बसायचं, ताट वेगळं. एरवी मालक माझ्या त्या दिवसांत चाकाचं काम थांबवत. गिऱ्हाइकाला सांगत, "माल यायचाय." पण या वेळी दसरा दोन दिवसांवर होता. शेवटचं आवळणं त्यांनी स्वतः केलं.

मी भिंतीला पाठ लावून ऐकत होते. चाक डाव्या अंगाला झुकत असणार, कारण चावीची कुरकुर उजव्या अंगानेच येत होती, ते तिकडच्याच तारा ओढत होते. ओढून ओढून चाक दिसायला सरळ झालं. मग त्यांनी फिरवून तारांना पेचकस लावला. एका अंगाचा आवाज चिरकत होता आणि दुसऱ्या अंगाचा भद्द, भद्द.

"अहो," मी आतून म्हणाले, "डाव्या अंगाच्या मऊ वाजायल्यात. उजवीकडं लई ताण आलाय."

ते हसले. "आई, ऐकलंस का? तुझी सून भिंतीतून चाक बघायलीय."

आत्या म्हणाल्या, "गप बैस गं. आज तरी गप बैस."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं रॉकेलने धुतली, पुसली, पोत्यावर ओळीने मांडली. पाने, हातोडे, पेचकस, टोकाला माझी पितळी चावी. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू. पाठीमागे आप्पांची गाडी उभी. एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. ही आमच्या सासऱ्यांची रीत. त्या दीड दिवसात कुणाची पंक्चरसुद्धा आमच्याकडे निघत नाही.

दुपारी मालक गाडीला हार आणायला बाजारात गेले. आत्या देवीला गेल्या. मी बराच वेळ बसून राहिले. मग उठले आणि पडदा सारला.

नखाने तारा छेडल्या. ऐकलं होतं त्याहून वाईट होतं. असं चाक शे-दोनशे किलोमीटर चाललं असतं, नाहीतर वीसच. मी पोत्यावरून चावी उचलली. तिच्यावरचं कुंकू माझ्या बोटांना लागलं. काम सोपं होतं आणि त्याची रीत एकच. आधी ताणलेलं अंग सैल करायचं, मग मऊ अंग आवळायचं, मग दोन्ही हळूहळू सारखं वर न्यायचं. उजव्या अंगाच्या वीस तारा मी एकेक आटा सैल केल्या. विसावी झाली. गाडीला वळसा घालून डाव्या अंगाला आले, पहिल्या तारेला चावी लावली आणि दारातून आत्यांची हाक आली.

"अगं काय करायलीस! बाटवलंस की गं सगळं!"

"आत्या, ओरडा नंतर. एवढ्या वीस तारा आवळू द्या. अर्धं राहिलं तर—"

"खाली ठेव! खाली ठेव ते! देवीच्या दिवशी तोंड वर करून बोलतीस?"

मी चावी खाली ठेवली. आजवर मला सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल तर त्या ठेवण्याचा. हातात धरून राहिले असते तर त्यांनी काय केलं असतं? मला शिवल्या तर नसत्याच.

मालक आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गोमूत्र शिंपडलं, हत्यारं पुन्हा धुतली, पुन्हा पूजा मांडली. मी कोपऱ्यातून त्यांना नीट सांगितलं, "उजव्या अंगाच्या मी सैल केल्यात. आता दोन्हीकडून चाक मोकळं हाय. आप्पा निघायच्या आधी आवळा. विसरू नका."

"बघतो."

"बघतो न्हाई. आवळा."

"उद्या संध्याकाळी सोनं वाटल्यावर आवळतो. आप्पा काय त्याच्या आधी येणार न्हाईत."

आप्पा सकाळी आठला आले. अंगावर नवे कपडे, आवाजात सण. पूजा लातूरला दारात करायची, म्हणजे दुपारच्या आत पोचायला हवं, असं म्हणाले. मालकांनी गाडीला हार घातला. हत्यारं पोत्यावर फुलं घेऊन पडलेली. मालकांनी मागचं चाक हाताने हलवून पाहिलं. मी पडद्याच्या फटीतून त्यांचं तोंड बघत होते. क्षणभर ते थांबले, पोत्याकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं.

"एकदम ओके, आप्पा. सावकाश जावा."

मला बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, आप्पा, थांबा. दोन शब्द. पण मी कधी गिऱ्हाइकासमोर गेलेली नाही. त्या दिवशी तर कडेला बसलेली, न धुतलेल्या केसांची, आणि समोर सणाचा परका माणूस. मी हाताने पत्र्यावर जोरात मारलं. दोनदा.

आप्पा म्हणाले, "काय वाजलं?"

"मांजर हाय, आप्पा. रोजचं हाय तिचं."

गाडी सुरू झाली. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

अहमदपूरच्या अलीकडे मागचं चाक डुलायला लागलं. तारा एकामागून एक तुटल्या आणि रिम पापडासारखं वाकलं. गाडी कडेच्या मातीत गेली, आप्पांच्या खांद्याचं हाड मोडलं. संध्याकाळी सोनं वाटताना फोन आला. आत्यांनी हातातली आपट्याची पानं माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "आता झालं तुझं समाधान?" त्या घटकेला ते ठरलं.

दोन दिवसांनी आत्यांनी पितळी चावी कापडात गुंडाळून गोदावरीत सोडली. बाकी हत्यारं गोमूत्राने शुद्ध झाली होती. ती चावी झाली नाही, कारण ती माझ्या हातात सापडली होती. मालकांना मी विचारलं, "तुम्ही का न्हाई अडवलं?" ते म्हणाले, "नवी आणता येती की. दुकानात मिळती." पण नवी आणली नाही. माझं स्टँडही माळ्यावर टाकलं. तारांची चाकं आता ते दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवतात.

दिवाळीनंतर आप्पा आले, हात गळ्यात बांधलेला. मी पडद्यामागे भांडी घासत होते. हात थांबवून ऐकायला लागले.

"मिस्त्री, भांडायला न्हाई आलो. एक सांगायला आलो. मागचं चाक गेलं, पण पुढून गाडी जरा डगमगली न्हाई. सरळच्या सरळ मातीत उतरली. पुढचं बसलं असतं तर मी डोक्यावर गेलो असतो. ते शॉकअप ज्यानं केलं, त्याच्या हातानं वाचलो."

"आपलंच काम हाय, आप्पा," मालक म्हणाले.

"मग चाक कसं असं झालं?"

मालकांनी आवाज खाली आणला. "काय सांगू. ऐन सणात हत्याराला विटाळ झाला. घरातलं माणूस कडेला बसलेलं, हात लागला."

आप्पा मोठ्याने हसले, मग खांदा दुखला म्हणून कण्हले. "छ्या! त्यानं कुठं चाक मोडतंय? आम्हां लिंगायतांत न्हाई मानत विटाळ. गळ्यात लिंग हाय, त्याला कसला विटाळ? आमची मंडळी त्या दिवसांत पूजा करती, सैपाक करती, दुकानात बसती."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणजे त्या सकाळी मी बाहेर गेले असते तर या माणसाला काहीच वाटलं नसतं. ज्याच्यासमोर जायला मी लाजले, त्याच्या घरी ती लाजच नव्हती.

आप्पा पुढे म्हणाले, "पण मला एक सांगा. हत्यार बाईच्या हातात आलंच कशाला?"

पडदा माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तो धरला. या वेळी मी कडेला बसलेली नव्हते, केस धुतलेले होते, हात घासलेले होते. अडवणाऱ्या आत्या मागे अंगणात होत्या.

"झाडताना लागला असंल," मालक म्हणाले.

"असंल," आप्पा म्हणाले.

मी पडदा सोडला आणि पातेलं पुन्हा घासायला घेतलं. पहिल्या वेळचा दोष मी सणावर, आत्यांवर, मालकांवर घालू शकते. या दुसऱ्या वेळचा कुणावर घालू?

आप्पांनी मग कुठूनतरी ओतीव चाकं मिळवली. त्यांना तारा नाहीत, कितीही वाजवली तरी ती काही सांगत नाहीत. शॉकअप मात्र तेल बदलायला माझ्याकडेच आत येतात.

यंदा खंडेनवमीला मी कडेला नव्हते. आत्यांनी हत्यारांना कुंकू लावायला मलाच बसवलं. पाने, हातोडे, पेचकस, एकेकाला बोट टेकवत पोत्याच्या टोकापर्यंत आले. तिथे काही नव्हतं. बोटावर कुंकू उरलं होतं, ते मी पोत्याला पुसलं. आत्या म्हणाल्या, "झालं का गं?" मी म्हणाले, "झालं."