मधला वाटा

दिसेल त्याचं लहान-मोठं ठरवायची माझी एक खोड आहे, आणि ती मला इंग्रजीने लावली असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. खोड आधीचीच होती. इंग्रजीने तिला फक्त व्याकरण पुरवलं.

आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि थळच्या कोळीवाड्यातून अलिबागच्या शाळेत रोज चालत जाणारी मुलगी मी एकटीच. इंग्रजीचे मास्तर देशावरचे, पक्के शाकाहारी. आमच्या बाजूने वारा आला तरी त्यांचा रुमाल नाकाशी जायचा. माणूस भला, पण शिस्तीचा असा की पहिल्या नंबरचा मुलगा गोवराने महिनाभर घरी आहे हे ठाऊक असूनही हजेरीला रोज त्याचं नाव पुकारायचे, थोडं थांबायचे आणि मगच दुसऱ्याकडे वळायचे. दिलेला क्रम मोडणं त्यांना जमतच नसे. त्यांच्या या स्वभावाचा मी पुढे गैरफायदा घेतला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एके दिवशी त्यांनी वर्गातल्या तिघांना फळ्यासमोर उभं केलं आणि डोक्यांवरून पट्टी फिरवत म्हणाले, "टॉल, टॉलर, टॉलेस्ट." टॉलेस्ट मी होते. तोवर मला कोणी 'सगळ्यात' काहीही म्हटलं नव्हतं, त्यामुळे घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मास्तरांनी अभ्यास दिला होता, "घरात बघा, अंगणात बघा. अशा दहा तिकड्या लिहून आणा."

दहा म्हणजे काहीच नव्हे. आमच्या आळीत मला दहा नुसती नाकंच सापडली असती. जुना, त्याहून जुना, सगळ्यात जुना या तिकडीत मी बाबांची टोपी, होडी आणि होडीचा तांडेल असे बसवले. तांडेल म्हणजे होडीवरचा कर्ता माणूस, आमचा तर सत्तरीला टेकलेला. मग लठ्ठपणाची तिकडी घेतली. पहिल्या दोन जागा शेजारणींना दिल्या आणि तिसऱ्या जागी आतेला बसवलं.

"माजं नाव लिवलंस?" आतेने वहीत डोकावून विचारलं.

"व्हय. सगल्यात शेवटाला."

"शेवटाला का गो?"

"इंग्रजीत मानाची जागा शेवटाला असते."

आते खूश झाली. चुलीतल्या निखाऱ्यावर एक सुका बोंबील भाजून तिने माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो निर्लज्जपणे खाल्ला.

ही आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नवऱ्याचं जाळं तेवढं तिच्याकडे राहिलं होतं. होडी तांडेलाची, जाळं आतेचं आणि राबणारे हात बाबांचे, असा तिघांचा कारभार. आते रोज अलिबागच्या बाजारात मासळी विकायला बसायची. डोक्यावर पाटी वाहून तिची मान आखडली होती, आणि शेजारी बसायला तिला मी हवी होते. आईने पदर पसरला म्हणून तिने आठवीला होकार दिला होता. "एक वरस बगू," एवढाच तिचा शब्द. जाळं तिचं असल्यामुळे बाबा तिच्यापुढे तोंड उघडत नसत. माझी शाळा अशी आतेच्या मर्जीवर टांगलेली होती.

नऊ तिकड्या झाल्या आणि दहावी काही सुचेना. तशीच रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेले. होडी लागली होती आणि तांडेल वाळूत मासळीचे वाटे लावत होता.

वाट्यांची आमच्याकडची रीत सांगायला हवी. तांडेल पाण्याकडून वर माडांच्या दिशेने एका ओळीत तीन ढीग लावायचा. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. तांडेल एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचा, "ह्यो कोनाचा?" आणि पाठमोऱ्या माणसाने न बघता सांगायचं: होडी, जाळं किंवा हात. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने मुकाट उचलायचं. त्याआधी कोणी एखाद्या वाट्याला 'मोठा' म्हटलं, तर तिन्ही वाटे मोडून पुन्हा लावायचे. तेवढ्यात ऊन चढतं आणि मासळी नरम पडते, म्हणून सहसा कोणी म्हणत नसे. पाठमोरं उभं राहायचं काम पाच वर्षांची असल्यापासून माझं होतं. त्याचा मला फार अभिमान होता.

त्या दिवशी वळण्याआधी माझी नजर ढिगांवर गेली, आणि दहावी तिकडी समोर आयती पडलेली दिसली. मी बोट दाखवत मोठ्याने म्हटलं, "बिग, बिगर, बिगेस्ट."

"म्हंजे काय गो?" तांडेलाने विचारलं.

मी शहाणी. अर्थ समजावून सांगितला, कुठला ढीग कुठल्या जागी तेही दाखवलं. तांडेलाने एक सुस्कारा टाकला आणि तिन्ही वाटे हाताने एकत्र केले. पुन्हा लावून झाल्यावर आतेने माझ्याकडे बघून करवादून विचारलं, "आता?" तिथे जीभ चावायला हवी होती. पण मास्तरांनी नीट बघायला शिकवलं होतं आणि मी नीट बघितलं होतं. "मधला जरा बिगर हाय," मी म्हणाले. वाटे तिसऱ्यांदा मोडले. तोवर बाजाराचा टांगा निघून गेला होता. आते पाटी घेऊन उन्हातून अलिबागपर्यंत चालत गेली आणि तिची मांदेली संध्याकाळी कोंबड्यांपुढे टाकायच्या लायकीची उरली.

परत आल्यावर तिने पाटी आपटली. "शाला बंद. आमच्या वाट्याला आजवर कोनी नाव ठेवलं न्हवतं."

पाच दिवस मी घरी बसले. रडले, जेवले नाही, आईवर ओरडले. टॉलेस्ट असूनही काही उपयोग झाला नाही. सहाव्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मास्तर स्वतः आले. होडी नुकतीच लागली होती, म्हणून सगळे किनाऱ्यावर होते. मास्तर रुमाल नाकाशी धरून ओल्या वाळूतून चपला हातात घेऊन आले आणि आतेला म्हणाले, "बाई, मुलगी हुशार आहे. तिचं वर्ष बुडवू नका."

"हुशार हाय म्हनूनच शाला बंद केली," आते म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "असं कर. आज वाटे तू लाव. तिघांतला एक जरी बोलला का ह्यो मोठा, तर सोमवारपासून बाजारात माज्या बाजूला बसायचं. न्हाय बोलला तर जा शालेत."

मी पाट्या ओढल्या. मांदेली, बोंबील, थोडी कोळंबी. एका पाटीच्या तळाला हात घातला तर दोन जाडजूड पापलेटं लागली. मांदेल्यांखाली ती दिसत नव्हती. जाळ्यातून मासळी पाटीत पडताना कोण मोजतं? त्यांचा पत्ता फक्त माझ्या हाताला होता.

वाटे सारखे लावता आले असते. सात-आठ वर्षं तांडेलाचे हात बघितले होते. पण आतेच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. आज हो म्हणेल आणि उद्या मान दुखली की फिरेल. तिला खूश ठेवलेलं बरं, असा विचार मी केला, आणि तो करताना मला जराही लाज वाटली नाही. दोन्ही पापलेटं मी मधल्या ढिगात खाली दडपली आणि वर मांदेली पसरली. वरून बघणाऱ्याला तिन्ही ढीग सारखे दिसत होते.

वाटे मी लावलेले, म्हणून पाठमोरं उभं राहायला दुसरा माणूस हवा होता. मी मास्तरांचं नाव सुचवलं. परका माणूस, कोणाच्या बाजूचा नाही. सगळ्यांना पटलं. मी त्यांना माडांकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, "मास्तर, तीन नावं आहेत. होडी, जाळं, हात. कुठल्याही क्रमाने सांगा."

मास्तरांना क्रम मिळाला होता. ते तो सोडणार नव्हते, आणि तांडेलाने आयुष्यात कधी पाण्याकडचा वाटा सोडून दुसरीकडून सुरुवात केली नव्हती.

आते तिन्ही ढिगांभोवती दोनदा फिरली. वाकली, डोळे बारीक केले. काही बोलली नाही. बाबा बोलले नाहीत, तांडेल बोलला नाही. मग तांडेलाने पाण्याकडच्या वाट्यावर हात ठेवला. "ह्यो कोनाचा?"

"होडी," मास्तर रुमालातून म्हणाले.

"ह्यो?"

"जाळं."

"हात," तिसरं त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

आते आपला वाटा पाटीत भरू लागली. मूठ, दोन मुठी, आणि तिचा हात थांबला. तिने तोंड उघडलं असतं तर वाटा खोटा ठरला असता आणि सोमवारी मी बाजारात. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पापलेटांवर दोन मुठी मांदेली टाकली, पाटी उचलली आणि मास्तरांना म्हणाली, "सोमवारी येल ती."

मी जिंकले होते. घरी उड्या मारत गेले.

दिवेलागणीला आई नुसत्या मांदेल्यांचं कालवण ढवळत होती, तेव्हा आते दारात आली. तिने एक पापलेट आईपुढे ठेवलं. "ह्यो तुमचा. दुसरा तांडेलाकडं देऊन आलू."

"आनि तुला?" आईने विचारलं. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

"माजा वाटा मना मिलाला." मला मात्र ती काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पापलेट माझ्या घशाखाली उतरलं नाही, आणि पापलेट न उतरण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

सोमवारी शाळेत गेले. तिकड्यांची वही दिली, नऊच लिहिलेली. मास्तरांनी लाल शाईने विचारलं होतं, दहावी कुठे?

पुढच्या रविवारी तांडेलाने वाटे लावले आणि मी सवयीने पुढे होऊन माडांकडे तोंड केलं. मागून आतेचा हात माझ्या खांद्यावर पडला. तिने मला धरून परत ढिगांकडे वळवलं आणि शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीला माझ्या जागी उभं केलं.

"हिला अजून काय कलत न्हाय," ती हळूच म्हणाली. "तू शिक आता."

रागाने म्हणाली असती तर मी उलट बोलले असते. पोरगी नाक ओढत माडांकडे बघत उभी राहिली. मी पहिल्यांदाच बाकीच्यांच्या रांगेत उभी होते आणि तिन्ही वाटे समोर दिसत होते. मधला मोठा होता. मी तोंड मिटून उभी राहिले, आणि आमचा कुठला ते ती पोरगी सांगेपर्यंत थांबले.