भागोजीचा उजवा हात

पडदा वर जातो. पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी, सन अठ्ठावन्न, भर दुपार. चुलीत विळ्याचं टोक लाल होत आहे आणि पडवीत चार माणसं एकाला दाबून बसली आहेत. चौघांतला एक मी.

खाली पडलेला भागोजी. शिमग्यातल्या आमच्या नमनाच्या खेळाचा मृदंगवाला. मी त्यात लुगडं नेसून राधा व्हायचो. त्याची थाप पडली की माझे पाय आपोआप उचलले जायचे. तसा हात पुन्हा ऐकला नाही.

बांध घालताना त्या उजव्या हातावर दगड पडला. महाडला हाड बसवलं, दोन महिन्यांत जखम भरली. दुखणं मात्र वाढत गेलं. आधी बोटं, मग कोपर, मग खांदा. बायकोच्या, चंद्रभागेच्या पदराचा वारा लागला तरी तो किंचाळायचा.

"जखम नाय, सूज नाय, मंग दुखतं कुठं?" वाडी हसायची. "ह्याला राधा करा रे, सोंग झकास वठवतो!"

थोरला भाऊ येसाजी तेवढा हसत नव्हता. त्याचा भावावर फार जीव. दुखण्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यानं मनगटावर डाग दिला. दुखणं दुप्पट झालं. "हलका पडला," म्हणत त्यानं कोपरावर दिला.

तेव्हा मी भागोजीला एस.टी.नं महाडला नेलं. डॉक्टर आम्हां दोघांना म्हणाले, "हात भरून आलाय. पण त्या माराने नसा नको तितक्या जाग्या झाल्यात, पार मेंदूपर्यंत. साधा स्पर्शसुद्धा आता आग होऊन पोचतो. हा खोटं बोलत नाही. डागलंत तर आणखी चढेल."

येसाजीला सगळं सांगितलं. तो रडकुंडीला आला. "आन् औषध? औषध काय दिलान?"

औषध डॉक्टरांकडेही नव्हतं.

म्हणून हा तिसरा डाग, खांद्यावर. नुसतं धरल्यानंच भागोजी ओरडत होता. भरल्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवणारा मी, त्या पडवीत "थांबा" म्हणालो नाही. मला वाटलं, न जाणो, या खेपेला गुण येईल.

नाही आला.

माणसं अंगणात गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन भागोजीजवळ टेकलो. त्यानंतर तो मुंबईला भावकीत जाऊन राहिला, मला कधी भेटला नाही. त्या दुपारी मात्र तांब्याकडे न बघता एवढंच म्हणाला:

"राधे, तू ऐकलंस ना डागदराचं? मंग भायेर जाऊन सांग ना त्यांना. खरंच दुखतंय रे."